या चुका टाळा: प्रयोग सुरू असताना चित्रफितीची वेळ दाखवताना

नाटकात चित्रफीत सुरू झाली की इंटरकॉमवर एकच प्रश्न येतो, "दादा, अजून किती राहिलंय?" प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला ब्लॅकआउट (पूर्ण अंधार) द्यायचा असतो, विंगेतल्या नटाला एन्ट्री घ्यायची असते आणि चित्रफीत चालवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र "६२.४" एवढाच आकडा असतो. आकडा खरा असला तरी तो इंटरकॉमवर सांगून कोणाचेही काम होत नाही. नाशिकमधील हौशी संस्थांच्या प्रयोगांचे प्रोजेक्शन मी सांभाळतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी परशुराम साईखेडकर नाट्यगृहासारख्या ठिकाणी मांडणीला मोजकाच वेळ मिळतो, त्यामुळे वेळदर्शकातील, म्हणजे झालेली आणि उरलेली वेळ दाखवणाऱ्या मजकुरातील, चुका घरीच निस्तरून जाणे भाग असते.

पहिली चूक म्हणजे स्थान (फीत किती भाग पुढे गेली ते) आणि वेळ यांत गल्लत करणे. क्यूलॅब हे प्रयोगात ध्वनी आणि चित्रफिती चालवण्याचे सॉफ्टवेअर सुरू असलेल्या क्यूचा (ठरल्या क्षणी सुरू करायच्या फितीचा किंवा ध्वनीचा) झालेला आणि उरलेला वेळ स्वतःच दाखवते, पण सर्वच सॉफ्टवेअर तसे करत नाहीत. इझाडोरा या सॉफ्टवेअरमध्ये चित्रफितीचे स्थान ० ते १०० टक्क्यांत मिळते, तर रेझोल्यूम हे दुसरे सॉफ्टवेअर ओएससीवरून (एका प्रोग्रामने दुसऱ्याला संदेश पाठवण्याच्या पद्धतीने) ते ० ते १ या मर्यादेत पाठवते. या आकड्याला (टक्के असतील तर आधी १०० ने भागून) चित्रफितीच्या एकूण लांबीने गुणले की सेकंद मिळतात. ४ मिनिटे २५ सेकंदांची, म्हणजे २६५ सेकंदांची फीत ६२.४ टक्क्यांवर असेल, तर १६५.३६ सेकंद झालेले असतात. येथे घाईघाईने ६० ने भागून "२.७६" असे दाखवले जाते आणि वाचणारा ते दोन मिनिटे शहात्तर सेकंद असे वाचतो. खरी वेळ २:४५ आहे. भागाकारातील पूर्णांक म्हणजे मिनिटे आणि ६० ने भागल्यावर उरलेली बाकी म्हणजे सेकंद, अशी फोड करावी लागते आणि बाकी एक अंकी असेल तर तिच्या डावीकडे शून्य जोडावे लागते, नाहीतर ३:०७ ही वेळ "३:७" अशी दिसते.

या फोडीत आणखी एक खाच आहे. सेकंदांचे जवळच्या पूर्णांकात रूपांतर फोड केल्यानंतर केले, तर ११९.७ सेकंदांना पडद्यावर "१:६०" उमटते. म्हणून आधी एकूण सेकंदांचा अपूर्णांक काढून टाकावा आणि मगच मिनिटे वेगळी करावीत. उरलेल्या वेळेला मात्र हाच नियम लावू नये. वरच्या उदाहरणात ९९.६४ सेकंद उरतात. अपूर्णांक टाकला तर १:३९ दिसते आणि झालेल्या २:४५ मध्ये ते मिळवले की बेरीज ४:२४ येते, म्हणजे एक सेकंद हरवतो. उरलेली वेळ वरच्या पूर्णांकाकडे न्यावी. मग १:४० दिसते, बेरीज जुळते आणि फीत खरोखर संपेपर्यंत शून्य दिसत नाही.

माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे ती एकूण लांबी हाताने लिहून ठेवण्याची, कारण ती सहजासहजी सापडत नाही. एका तालमीत दिग्दर्शकांनी २६५ सेकंदांची फीत बदलून २९० सेकंदांची दिली आणि मी ती जुन्याच जागी टाकली. वेळदर्शक व्यवस्थित चालताना दिसत होता: सुरुवातीला ४:२५, शेवटी बरोबर ०:००. टक्के शंभरावर पोचले की उरलेली वेळ शून्य होणारच, त्यामुळे शेवट पाहून शंका येत नाही. प्रत्यक्षात पडद्यावरचा प्रत्येक सेकंद सुमारे १.०९ सेकंदांचा झाला होता आणि मी "तीस सेकंद" म्हणालो तेव्हा जवळजवळ तेहतीस सेकंद शिल्लक होते. विंगेतला नट मनातल्या मनात तीस मोजून आत आला, तेव्हा पडद्यावरचे निवेदन अजून सुरूच होते. तेव्हापासून लांबी मी फाइलमधूनच घेतो, आणि हाताने लिहावीच लागली तर मोबाइलच्या स्टॉपवॉचशी ताडून पाहतो. हे ताडणे फितीच्या मध्यावर करावे, शेवटी नुसते ०:०० पाहून उपयोग नाही.

फ्रेम मोजून वेळ काढणाऱ्यांनी फाइलचा खरा फ्रेमदर (सेकंदाला किती चित्रे ते) पाहावा. भारतात व्हिडिओसाठी २५ फ्रेमचा दर रूढ असला, तरी मोबाइलवर केलेले चित्रण बहुधा ३० च्या आसपास असते आणि तो दर मध्येच कमीजास्तही होतो. ३० च्या फाइलला २५ ने भागले तर २६५ सेकंदांची फीत ५:१८ ची दिसते. असे चित्रण आधी स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घ्यावे. २९.९७ ऐवजी ३० धरल्याने तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो. पाच मिनिटांच्या फितीत तो जाणवणार नाही, प्रदर्शनात तासभर चालणाऱ्या फितीत मात्र जाणवेल.

वेग बदलला असेल तर उरलेल्या वेळेला वेगाने भागावे: ८० टक्के वेगावर फितीतले ४० सेकंद संपायला ५० सेकंद लागतात. फीत थांबवलेली असताना वेग शून्य असतो आणि हा भागाकार कोलमडतो, म्हणून त्या अवस्थेत वेळ गोठवून "थांबले" असे लिहावे.

आता दिसण्याविषयी. अनेक फॉन्टमध्ये १ हा अंक इतरांपेक्षा अरुंद असतो. मजकूर मध्यभागी जुळवलेला असेल तर दर सेकंदाला सगळी ओळ डावीउजवीकडे हलते आणि अंधाऱ्या बूथमध्ये डोळे शिणतात. समान रुंदीचे अंक असलेला फॉन्ट घ्यावा आणि ओळ उजवीकडे जुळवावी. देवनागरी अंकांवर माझे प्रेम असले, तरी मंद उजेडात १ आणि ९ यांत फसगत होते, म्हणून हे अंक वापरायचे असतील तर ते दीड हातावरून वाचून पाहावेत. शतांश सेकंद दाखवू नयेत. ते कोणी वाचू शकत नाही आणि प्रत्येक फ्रेमला मजकूर नव्याने काढण्याचा भार संगणकावर विनाकारण पडतो. पूर्ण सेकंद बदलला की मजकूर बदलावा, एवढे पुरते.

वेळदर्शकाचा थर नियंत्रणाच्या पडद्यावरच जातो आहे, रंगमंचावर नाही, हे प्रोजेक्टर जोडूनच तपासावे, कारण जोडणी बदलली की काही संगणकांत पडद्यांचा क्रमही बदलतो. शिवाय एकही फीत सुरू नसताना काय दिसते तेही पाहून ठेवावे. मागच्या फितीची शेवटची वेळ तिथेच राहिली, तर पुढचा क्यू सुरू झाला आहे असे समजून कोणीतरी दिवे घालवतो. मी अशा वेळी तिथे दोन आडव्या रेघा ठेवतो.