जुन्या पेट्रोल जीपचं मिसिंग आणि बिघडलेलं स्लो: स्क्रू फिरवण्याआधी वायर तपासा

जुनी पेट्रोल जीप सिग्नलला थरथरते, यवतेश्वरच्या घाटात मध्येच झटका देते (मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरची ठिणगी चुकणं), क्लच दाबला की बंद पडते (स्लो, म्हणजे पाय न देता इंजिन चालण्याचा वेग, बिघडणं). अशा वेळी पहिला हात जातो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. तो तिथं जाऊ देऊ नका. ठिणगी कमजोर असली तरी पेट्रोल थोडं जास्त सोडल्यावर गाडी चार दिवस बरी चालते. मग प्लग काळे पडतात आणि दोन दोष एकमेकांना झाकून बसतात. आधी बॅटरीपासून कॉइलपर्यंतची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्यापर्यंतची) वायर, मग पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधला उघडझाप करणारा संपर्क) आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर, असा क्रम ठेवा.

खालचे आकडे सीजे-३बी या जीप मॉडेलमधल्या हरिकेन एफ-हेड इंजिनाचे आहेत: चार सिलिंडर, २,१९९ सीसी. वायरिंग १२ व्होल्टचं आणि निगेटिव्ह अर्थचं (बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला जोडलेलं) धरलं आहे. हत्यारं फार लागत नाहीत. मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फिलर गेज आणि दीड मीटर जाड वायरीचा तुकडा पुरे.

मूळ वायरिंगमध्ये करंट बॅटरीतून स्टार्टर स्विचच्या टर्मिनलवर, तिथून अ‍ॅमीटर, मग चावी आणि मग कॉइल असा जातो. पन्नास-साठ वर्षांत यात कुणी हॉर्न जोडलेला असतो, कुणी फॉग लॅम्प, आणि डॅशबोर्डखाली पिळून टेप मारलेले जोड लोंबत असतात. चावी चालू करा, पॉइंट बंद स्थितीत आणा आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी कॉइलच्या प्लसला लावा. कॉइल बॅलास्ट रेझिस्टरशिवायची (करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर न लागणारी) असेल तर आकडा ०.५ व्होल्टच्या आत हवा. १.५ किंवा २ व्होल्ट दिसला तर तेवढा दाब वाटेतच खर्च होतो आहे. दुसरी पिन एकेक टर्मिनल मागे सरकवत जा. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम खाली येईल, तिथेच खोट. बहुतेक वेळा ती चावीच्या स्विचमध्ये किंवा अ‍ॅमीटरच्या सैल नटाखाली सापडते.

२०१९ च्या पुरात सांगलीत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची वायर बाहेरून कितीही चांगली दिसली तरी टोक सोलून पाहा. तांबं हिरवं किंवा काळं असेल तर नुसता सॉकेट बदलून भागत नाही, अख्खी वायर बदलावी लागते.

अर्थसाठीही हीच चाचणी करा. एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी डिस्ट्रिब्यूटरच्या बॉडीला. पॉइंट बंद असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर इंजिन ते चासी हा पट्टा काढून दोन्ही टोकं घासा. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं. पट्टा नसेल तर अर्थ चोकसारख्या केबलमधून शोधला जातो आणि केबल गरम होते.

घाई असेल तर एक सोपा उपाय आहे: बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला थेट वायर लावा. गाडी सुधारली तर दोष मधल्या वायरिंगमध्ये. लक्षात ठेवा, अशा वेळी चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते. तसंच बॅलास्टवाली कॉइल असेल तर हा प्रयोग मिनिटभरच करा.

कॉइलचा प्रकार ओळखणं महत्त्वाचं आहे. प्लस-मायनसमध्ये ३ ओहमच्या आसपास असेल तर तिला बॅलास्ट नको. करंट ४ अ‍ॅम्पियर जातो. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय लावली की करंट ८ अ‍ॅम्पियर होतो, पॉइंट जळतात आणि कॉइल तापून तेल गळू लागते. बाजारात दोन्ही डबे सारखेच दिसतात, म्हणून विकत घेताना दुकानातच मीटर लावा. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर कॉइलच्या मायनसला हवी. उलट जोडली तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त पडते.

आता डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे ठिणगी प्रत्येक प्लगला वाटून देणारा भाग. कॅप काढा आणि रोटर (आतला फिरणारा तुकडा) हाताने आडवा हलवा. खुळखुळत असेल तर बुश गेला आहे. मग गॅप कितीही नीट लावा, प्रत्येक सिलिंडरला तो वेगळाच पडेल आणि स्लो कधीच एकसारखं राहणार नाही. इथे पॉइंटचे चार सेट बदलण्यापेक्षा बुश बदलणं स्वस्त पडतं.

बुश ठीक असेल तर पॉइंटचा फायबर ठोकळा कॅमच्या उंच कडेवर आणून गॅप ०.५० मिमी ठेवा. पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका, कण आत अडकतात. बारीक कानस वापरा आणि शेवटी कोरा कागद मधून ओढा. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे उंचवटा जमला असेल, किंवा पॉइंट उघडताना निळ्या ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर बदला. आतली लवचिक वायरही ओढून पाहा. ती आवरणाच्या आत तुटते आणि गाडी फक्त खड्ड्यात मिसिंग करते.

प्लगचा गॅप ०.७५ मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि रोटर वरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी त्याच दिशेने लावा.

टायमिंग ५ अंश आधी, म्हणजे पिस्टन सर्वात वर पोहोचण्याच्या ५ अंश आधी ठिणगी. पहिल्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला खूण जुळवा. प्लग काढलेले असले की इंजिन हॅन्डलने अलगद फिरतं. कॉइलची मधली वायर काढून अर्थला लावा. टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनस आणि बॉडीमध्ये जोडा, चावी चालू करा. डिस्ट्रिब्यूटरचा क्लॅम्प सैल करून बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरवा, दिवा विझेल. मग हळूहळू घड्याळाच्या दिशेने आणा. दिवा लागतो त्या क्षणी थांबा आणि क्लॅम्प कसा.

पावसाळ्यात कास-महाबळेश्वरच्या धुक्यात सकाळी गाडी सुरूच होत नसेल तर कॅपच्या आत पाहा. केसासारखी काळी रेघ असेल तर ठिणगी तिथून पळते. कॅप पुसून उपयोग नाही, नवीन घ्या.

एवढं झाल्यावरच स्लोकडे वळा. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असतं, त्यामुळे हवा शिरण्याच्या जागा मोजक्या उरतात: कार्बोरेटरखालचं पॅकिंग, थ्रॉटल शाफ्ट, व्हॅक्यूम वायपरची नळी आणि क्रँककेस व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्ह. इंजिन चालू ठेवून या जागी पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तिथे गळती. पेट्रोल शिंपडून तपासायची जुनी पद्धत आहे, ती गाडी पेटवते. व्हेंटिलेशनची नळी चिमटीत दाबल्यावर स्लो एकदम सुधारलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. तो काढून रॉकेलमध्ये धुवा.

मग इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडा आहे ना ते पाहा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत घ्या (जोराने कसला तर टोकाला खाच पडते) आणि दीड फेरा बाहेर काढा. वेगाच्या स्क्रूने ६०० आरपीएम धरा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत व्हॅक्यूम गेज सर्वात वर जाईल तिथे थांबा, आणि वेग पुन्हा ६०० वर आणा. समुद्रसपाटीला गेज १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतो. उंची दर १,००० फुटांनी वाढली की साधारण एक इंच घटतो. म्हणून साताऱ्यात १६-१७ इंच दिसले तर घाबरायचं कारण नाही, आणि महाबळेश्वरला तर आणखी दोन इंच कमी दिसतील. साताऱ्यात लावलेलं स्लोचं मिश्रण वर गेल्यावर थोडं जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं. तिथे राहणार असाल तरच पुन्हा लावा.

स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिनावर फरक पडत नसेल तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय: कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट जड झालाय किंवा त्याने बंद होणारा नीडल व्हॉल्व्ह गळतोय. ज्यांनी नंतर इलेक्ट्रिक पंप बसवला आहे, त्यांनी त्याचा दाब आधी मोजावा, कारण जास्त दाब नीडलला उचलून धरतो. उलट, बाहेर काढूनही फरक नाही तर स्लो जेट (स्लोला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) तुंबला आहे. तो हवेने फुंकायचा, तारेने नाही. हल्लीच्या इथेनॉल मिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम फुगतात आणि त्यांचा चुरा याच जेटमध्ये येऊन बसतो. पाइप नवीन टाकताना इथेनॉल चालणाराच मागा.

जत-आटपाडीकडच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीचा ऑइल बाथ एअर फिल्टर मात्र सगळ्यांत आधी उघडा. तेल खुणेच्या वर भरलं असेल किंवा गाळाने दाट झालं असेल तर हवा कमी पडते आणि वरची सगळी सेटिंग वाया जाते.