सेन्सर बदलण्याआधी थांबा: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या टेम्परेचर सेन्सरच्या बाबतीत या चुका टाळा

गाडी गॅरेजला येते तेव्हा बऱ्याचदा निदान आधीच झालेलं असतं. "टेम्परेचर सेन्सर गेलाय, नवा घेऊन आलोय, तेवढा बसवून द्या." डबाही हातात असतो. मी तो डबा लगेच फोडत नाही, कारण इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा उघडला की दुकानदार परत घेत नाही. आधी तासभर द्या म्हणतो. त्या तासाभरात अनेकदा कळतं की सेन्सर शाबूत आहे आणि बिघाड दुसरीकडेच आहे.

हा लेख लिहिण्यामागे तेच कारण आहे. सेन्सर महाग असतो. त्याहून कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, महाग असतो आणि डिझेल गाडीचा काजळीचा फिल्टर तर कंबरडं मोडतो. हे तिन्ही एकमेकांना बांधलेले आहेत. एकाचं चुकीचं निदान झालं की दुसऱ्याचा बळी जातो.

तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे का?

प्रश्न साधा आहे, पण पहिली चूक इथेच होते. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कॅटचं तापमान मोजणारा वेगळा सेन्सर नसतोच. किती हवा आत गेली, किती इंधन पडलं, इंजिन किती फेऱ्यांवर आहे, यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, कॅट किती तापला असेल त्याचा हिशोब करतो. कॅटच्या पुढे-मागे जे दोन सेन्सर दिसतात ते ऑक्सिजन सेन्सर. त्यांना बहुतेक वेळा चार वायरी असतात, कारण आत हीटरही असतो. टेम्परेचर सेन्सरला साधारणपणे दोनच वायरी असतात.

डिझेलची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम लागू झाला आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये तापमानाचे सेन्सर आले. टर्बोजवळ, कॅटच्या आधी, फिल्टरच्या आधी-नंतर, मॉडेलनुसार दोन-तीन किंवा जास्तही. या लेखातलं बरंचसं याच गाड्यांविषयी आहे.

पी०४२० हा कोड (स्कॅनर या तपासणीच्या यंत्रावर दिसणारा बिघाडाचा नंबर) आला की "टेम्परेचर सेन्सर" असं ऐकून लोक येतात. त्या कोडचा अर्थ एवढाच, की कॅट धूर पुरेसा साफ करत नाही. कॅटच्या टेम्परेचर सेन्सरचे कोड पी०४२५ ते पी०४२८. एक्झॉस्टच्या, म्हणजे सायलेन्सर लाइनमधल्या, पहिल्या टेम्परेचर सेन्सरचे पी०५४४ ते पी०५४६, दुसऱ्याचे पी२०३१ ते पी२०३३. आकडे जवळजवळचे दिसतात, म्हणून स्कॅनरवरचा कोड कागदावर उतरवून घ्या. फोनवर सांगोवांगी कळलेल्या कोडवर मी कधीच पार्ट मागवत नाही.

"हाय" म्हणजे गरम नव्हे

पी०५४६ आला की स्कॅनर लिहितो "सर्किट हाय". वाचणारा समजतो, तापमान जास्त झालं. खरं तर "हाय" आणि "लो" हे शब्द व्होल्टेजबद्दल आहेत. "हाय" म्हणजे बहुधा वायर तुटलेली, कपलर (वायरी जोडणारा प्लग) सुटलेला किंवा सेन्सर आतून तुटलेला. "लो" म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला किंवा दुसऱ्या वायरीला टेकली आहे.

मग स्कॅनरवर तापमान काय दिसेल? ते सेन्सरच्या जातीवर ठरतं. आजच्या पुष्कळ गाड्यांत प्लॅटिनमचा सेन्सर असतो, ज्याला पीटी-२०० म्हणतात. शून्य अंशाला त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा, रेझिस्टन्स) २०० ओहम, खोलीच्या तापमानाला सुमारे २२० आणि ६०० अंशांच्या आसपास सव्वासहाशे ओहम. तापेल तसा रोध वाढतो. त्याची वायर तुटली की ईसीयूला वाटतं, भट्टी पेटली. दुसरी जात उलटी: थंड असताना रोध खूप जास्त आणि तापेल तसा कमी. तिची वायर तुटली की आकडा गोठल्यासारखा थंड दिसतो. आपल्या गाडीत कोणती जात आहे हे मॅन्युअलमधून पाहिल्याशिवाय मल्टिमीटर हातात घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक फसगत. बिघाड पकडल्यावर काही ईसीयू स्वतःच एक ठरावीक आकडा धरून चालतात आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात, म्हणजे चालू आकड्यांत, तोच दाखवतात. आकडा व्यवस्थित दिसतो म्हणून सेन्सर चांगला, असं धरू नका. स्कॅनर व्होल्टेज दाखवत असेल तर ते बघा.

कोड उडवण्याची घाई

कोड उडवला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. बिघाड पकडला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनच्या फेऱ्या, पाण्याचं तापमान, लोड असं सगळं त्यात नोंदलेलं असतं. थंड इंजिनला, स्टार्ट करताक्षणी कोड आला असेल तर वायरिंगचा संशय वाढतो. घाटात, पूर्ण लोडवर आला असेल तर मामला निराळा. ही नोंद पुसून टाकायची आणि मग "कोड पुन्हा कधी येतो बघू" म्हणत आठवडाभर फिरायचं, हा प्रकार मला मनापासून खटकतो. मोबाइलवर एक फोटो काढा आणि मगच बटण दाबा.

सकाळची पाच मिनिटं

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भरवशाची परीक्षा फुकट आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर तीन-चार आकडे शेजारी लावा: कूलंट, आत येणारी हवा आणि एक्झॉस्टचे सगळे सेन्सर. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे सगळे जवळपास सारखे हवेत. डिसेंबरच्या सकाळी बाकीचे १६-१७ दाखवत असताना एकच सेन्सर ७० दाखवत असेल, तर त्याच्यावर बोट ठेवता येतं. (दुसऱ्या, उलट्या जातीचे काही सेन्सर थंडीत नीट आकडा देतच नाहीत, ते कॅट तापल्यावरच बोलायला लागतात. तिथे ही परीक्षा चालत नाही.)

मग गाडी सुरू करून एक चक्कर मारा आणि आलेख बघा. पुढचा सेन्सर आधी चढतो, मागचा उशिरा. ॲक्सिलरेटर सोडला की पुढचा पटकन उतरतो आणि मागचा रेंगाळतो, कारण कॅटच्या आतल्या जाळीत उष्णता साठलेली असते. एखादी रेष सरळ सपाट, किंवा खड्ड्यागणिक उड्या मारणारी दिसली तर तपासणीचा अर्धा रस्ता सरला. पुढचा आणि मागचा सेन्सर उलटे वागत असतील तर कपलर अदलाबदल झालेत का ते बघा. दिसायला सेन्सर सारखे असतात आणि आधी कोणी काम केलेलं असेल तर हे हमखास घडतं.

वायर, कपलर आणि उंदीर

सातारा भागातली एक डिझेल टॅक्सी माझ्याकडे आली होती. दुसरीकडे दोनदा सेन्सर बदलून झाला होता, तरी कोड परत. सकाळी आकडा बरोबर, गावात बरोबर आणि खंबाटकी चढायला लागलं की चेक इंजिन लाइट. कपलरमध्ये काही दिसेना. शेवटी इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने वीत-वीत हलवत गेलो. गिअरबॉक्सजवळच्या पट्टीला घासून एका वायरीचं तांबं आत तुटलं होतं. वरचं प्लास्टिक शाबूत. थंड असताना टोकं टेकत, तापलं आणि थरथरलं की सुटत. पाच सेंटिमीटर वायर, सोल्डर, उष्णतेने आवळणारी नळी, संपलं. ते दोन्ही जुने सेन्सर मी मीटरवर तपासले. दोन्ही चांगले होते. त्या ड्रायव्हरचे गेलेले पैसे आजही आठवतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डोळ्यांनी बघा: वायर सायलेन्सरला टेकून भाजली आहे का, कपलरमध्ये हिरवट गंज आहे का. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल तर कपलर उघडून बघाच. उंदीरही याच दिवसांत बॉनेटखाली आसरा घेतात.

मग कपलर सोडवा आणि स्कॅनरवरचा आकडा बघा. तो एका टोकाला उडाला पाहिजे. गाडीच्या बाजूच्या दोन्ही वायरी क्षणभर जोडा, आकडा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही वेळा उडी बसली तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरचा. आकडा हललाच नाही तर नव्या सेन्सरने काहीही होणार नाही. रोध मोजायचा तर कपलर सोडवूनच, सेन्सरच्या बाजूने, गाडी थंड असताना. जोडलेल्या अवस्थेत मोजलेल्या ओहमला काही अर्थ नसतो. काही गाड्यांत सेन्सरच्या वायरीवरच छोटा इलेक्ट्रॉनिक डबा असतो. तिथे रोध मोजू नका आणि वायरीही जोडू नका, फक्त मॅन्युअलची पद्धत वापरा.

इन्फ्रारेडची बंदूक रोखून "हे बघा, सेन्सर ५०० दाखवतोय आणि पाइप तर ३००" असं म्हणणारे भेटतात. चकचकीत स्टीलवर ती बंदूक खूप कमी दाखवते, शिवाय पाइपाची पाठ आतल्या वायूपेक्षा थंडच असते. तेवढ्यावर सेन्सरला खोटं ठरवू नका.

सेन्सर खरं सांगत असेल तर?

ही चूक सगळ्यात महागात पडते. सेन्सर ओरडतोय कारण कॅट खरोखरच जळतोय. मिसफायर होत असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर न जळलेलं इंधन कॅटमध्ये जाऊन जळतं. जाळीवरचा मौल्यवान धातूंचा थर आधी मरतो, आणि असंच चालू राहिलं तर जाळीच वितळून वाट बंद होते. डिझेलमध्ये गळणारा इंजेक्टर तेच करतो.

पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या एका गाडीत मी हे पाहिलं. प्लग झिजलेले, सीएनजीवर मिसफायर, चेक इंजिन लाइट लुकलुकणारी. मालक महिनाभर तसाच चालवत होता, कारण "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे" असं कोणीतरी सांगितलेलं. त्या गाडीत टेम्परेचर सेन्सर नव्हताच. कॅट उघडला तेव्हा आतली जाळी मेणासारखी ओघळलेली. लाइट लुकलुकत असेल तर वेग कमी करा, जमेल तितक्या लवकर थांबा आणि पी०३०० ते पी०३०४ हे कोड आधी बघा. तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा रस्त्यावर मळणीला पसरलेल्या पिकावर उभी करू नका. खालून पेट घेते.

रेझिस्टरचा जुगाड

सेन्सरच्या जागी दहा रुपयांचा रेझिस्टर जोडून लाइट घालवणारे आहेत. कृपा करून हे करू नका. डिझेलचा फिल्टर साफ करण्यासाठी ईसीयू जादा इंधन सोडून तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो, आणि किती सोडायचं हे या सेन्सरवरून ठरवतो. खोटा आकडा थंड असेल तर साफसफाई सुरूच होत नाही, काजळी साठते, गाडी ओढेनाशी होते. आकडा साफसफाई सुरू होण्याइतका, पण खऱ्यापेक्षा कमी असेल तर इंधन वाजवीपेक्षा जास्त पडतं. ते इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते किंवा फिल्टर आतून तडकतो.

बसवताना

जुना सेन्सर निघत नसेल तर गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. जोर लावून आटे खराब झाले की काम दुप्पट. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा पेस्ट कंपनीतूनच लावलेली असते. टोकाला मात्र ती अजिबात लागू देऊ नका. टोक वाकवू नका, वायर पिळत पिळत घट्ट करू नका आणि टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे ठेवा. जुन्या-नव्याची लांबी शेजारी धरून बघा, कारण आखूड सेन्सर प्रवाहापर्यंत पोचतच नाही. काम झाल्यावर सकाळची तीच परीक्षा पुन्हा घ्या आणि डिझेल असेल तर हायवेवर अर्धा तास एका लयीत चालवून फिल्टरमधली काजळी उतरते का ते स्कॅनरवर बघा.