चंद्राच्या फोटोत दुसराच चंद्र येतोय? तो घालवायचा कसा

कोजागिरीला गच्चीवर दूध आटतंय तोवर सगळेच मोबाईल नाहीतर कॅमेरा काढून चंद्राकडे वळतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर हमखास प्रश्न पडलेला असतो, "काय रे भो, खाली हा हिरवट ठिपका कसला?" कुणी म्हणतं ग्रह असेल, कुणी थेट नवीन लेन्सच्या किमती बघायला लागतो. जरा थांबा. बहुतेक वेळा तो चंद्राचाच उजेड असतो, काचांवर आपटून परत आलेला, आणि तो घालवायला पैसे लागत नाहीत, उलट पैसे देऊन लावलेली एक वस्तू काढून ठेवावी लागते.

आधी तपासणी करा. चंद्र फ्रेमच्या एका कोपऱ्याकडे घ्या, फोटो काढा, मग कॅमेरा थोडा वळवून चंद्र दुसऱ्या बाजूला आणा आणि परत काढा. ठिपका चंद्राच्या उलट दिशेला पळाला, म्हणजे चंद्र वर डावीकडे तर हा खाली उजवीकडे, आणि दोघांच्या बरोबर मध्ये फ्रेमचं सेंटर येतंय, तर ते लेन्समधलंच रिफ्लेक्शन, शंका नको. चंद्राबरोबर त्याच बाजूला तेवढाच सरकला तर तो खरंच आकाशात आहे, गुरू नाहीतर शुक्र चंद्राजवळ आले की असं होतं. आणि कॅमेरा कसाही फिरवला तरी ठिपका फ्रेममधली जागा सोडतच नसेल तर तो सेन्सरवरचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवरचा, हॉट पिक्सेल (बिघडलेला बिंदू), तो प्रकार वेगळा.

उलटा पळत असेल तर पहिला संशय फिल्टरवर. लेन्स घेताना दुकानदार "प्रोटेक्शनला लावून टाकू" म्हणत जो यूव्ही फिल्टर बसवून देतो, तोच. होतं असं की उजेड सेन्सरवर पडतो, सेन्सरच्या वरची काच चकचकीत असते, तिथून थोडा उजेड लेन्समधून उलटा बाहेर निघतो आणि फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो. काच सपाट असल्यामुळे ही दुसरी आकृती जवळजवळ फोकसमध्येच बसते. म्हणून फोटो झूम करून बघा, तो नुसता ठिपका नसतो, चंद्राएवढाच उलटा झालेला फिकट चंद्र असतो, आणि गंमत म्हणजे खरा चंद्र जळून पांढराफट्ट झालेला असतो पण या नकली चंद्रावरचे डाग मात्र स्वच्छ दिसतात. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक बाजूवरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, चांगल्या मल्टीकोटेड फिल्टरमध्ये हे बरंच कमी होतं पण शून्य होत नाही. तेव्हा फिल्टर काढा. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात उन्हाळ्यात जी धूळ उडते ती बघता फिल्टर काढायला जीवावर येतं हे खरंय, पण चंद्राचे फोटो घेण्यापुरताच काढायचा आहे, डबीत ठेवा, हूड (लेन्सच्या तोंडाला लावायची आडोशाची कड) लावा, काम झालं की परत फिरवून बसवा.

फिल्टर काढूनही काहीतरी राहिलंच, आणि ते मोठं, धुरकट, हिरवं नाहीतर जांभळं असेल, तर ते लेन्सच्या आतल्या काचांचं. ते पूर्ण जात नाही, कमी करता येतं. चंद्र बरोबर मध्यभागी घ्या, म्हणजे रिफ्लेक्शन चंद्राच्याच अंगावर पडून दिसेनासं होतं, मग घरी येऊन हवा तसा क्रॉप करा.

एक्स्पोजर पण बघा. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, त्यामुळे रात्र आहे म्हणून शटर लांबवायची, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवायची, गरज नाही. पौर्णिमेला मॅन्युअल मोडवर आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८ आणि शटर १/२०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करा, अर्धा चंद्र असेल तर शटर बरंच स्लो लागेल. एवढ्या एक्स्पोजरला चंद्रावरचे डाग येतात आणि मुळात फिकट असलेलं ते रिफ्लेक्शन काळ्यात बुडून जातं. ग्रहणात मात्र सांभाळा, लालसर भाग यावा म्हणून शटर लांबवलं की उरलेली उजळ कोर जळते आणि तिचं रिफ्लेक्शन ठळक येतं.

खरी पंचाईत किल्ला आणि चंद्र एकत्र हवा असतो तेव्हा होते, समजा धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला. पूर्ण अंधारात किल्ला दिसायला शटर लांबवावं लागतं आणि चंद्र गेलाच. माझं मत विचाराल तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी जा. त्या दिवशी चंद्र सूर्य मावळायच्या आधीच उगवतो, किल्ल्याच्या पश्चिमेला जागा धरून उभं राहायचं, आभाळात अजून उजेड असतो, दगड पण दिसतात, चंद्र पण जळत नाही, आणि रिफ्लेक्शन असलं तरी उजळ आभाळात उठून दिसत नाही. फक्त तिथे मुंबई-आग्रा हायवे जवळ आहे, गाड्यांचे हेडलाइट बाजूने लेन्सवर पडले की सगळा फोटो पांढुरका होतो, तेव्हा हूड हवाच, नसेल तर हाताची सावली धरा.

मोबाईलवाल्यांनी आधी कॅमेऱ्यावर चिकटवलेली काच बघावी, ती म्हणजे फिल्टरच झाला. ती काढा, लेन्सवरचे बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसा, नाइट मोड बंद करा, मग चंद्रावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि ब्राइटनेस खाली ओढा, डाग दिसेपर्यंत. आणि बंद खिडकीच्या काचेतून फोटो काढू नका, तिच्यामुळे चंद्राला अगदी चिकटून दुसरा चंद्र येतो आणि वरची सेंटरवाली टेस्ट तिथे लागू पडत नाही.

चंद्राभोवती दुधाळ वलय येत असेल तर लेन्सवर टॉर्च मारून बघा, तापीकाठी थंडीत काचेवर दव बसतं. पण दूरवर मोठं गोल कडं असेल तर कॅमेरा बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी, चंद्र बोटाने झाकून बघा. तरीही दिसलं तर चंद्राला खळं पडलंय, उंचावरच्या ढगांतल्या बर्फाच्या कणांमुळे ते चंद्रापासून साधारण २२ अंशांवर दिसतं, ते घालवायचं नाही, वाइड लेन्स लावून काढायचं.

एवढं करूनही चांगल्या फोटोत ठिपका राहिलाच तर एडिटिंगमध्ये हील टूलने पुसा. मोकळ्या आभाळात तो लगेच जातो. झाडावर, भिंतीवर पडला तर पुसताना ठिगळ दिसतं, त्यामुळे जागेवरच कॅमेरा थोडा वळवून दोन फ्रेम काढून ठेवत जा, एकीतला खराब तुकडा दुसरीतून भरता येतो.