आधी गाडीखाली शिरा, मग सीटवर बसा: दणकट लक्झरी एसयूव्ही कशी पारखावी

शोरूमच्या चकचकीत फरशीवर उभ्या असलेल्या मोठ्या, चौकोनी एसयूव्हीत खोट काढणं अवघड असतं. दार लावताना येणारा भरीव आवाज, सीटवरची शिवण, समोरचा भलामोठा पडदा, सगळंच मन जिंकून घेतं. पण मध्यम आकाराची आणि खडकाळ वाटेवर चालेल अशी लक्झरी एसयूव्ही घेताना आपण एकाच गाडीकडून दोन उलटसुलट कामं मागत असतो. खडकावर चालायला चाकं भरपूर वरखाली व्हावी लागतात, तर हायवेच्या वळणावर गाडी झुकायला नको असते. जाड टायर दगडाला पुरून उरतो, पण सपाट रस्त्यावर गुणगुणत राहतो. गाडी बनवणाऱ्याला कुठेतरी मधलं माप धरावंच लागतं. ते त्याने कुठे धरलंय हे ओळखलं आणि ते आपल्या वाटेला जुळतंय का हे पाहिलं, की पारख झाली.

वहीत आपली वाट लिहा

गाडी बघायला जाण्याआधी गेल्या दोन वर्षांतल्या प्रवासांची आठवण काढा. डांबर सोडून किती दिवस गाडी चालवली? त्यातली सर्वांत वाईट वाट कोणती होती: चिखल, वाळू, सुटे दगड की ओढा? गाडीत किती माणसं होती, सामान किती होतं, मागे काही ओढत होता का? स्वप्नातल्या मोहिमा या यादीत धरू नका. बहुतेकांच्या वहीत खडीचा रस्ता, निसरडा चढ आणि गुडघाभर पाणी एवढंच निघतं. त्यासाठी तीन डिफरन्शियल लॉकची (डावी-उजवी किंवा पुढची-मागची चाकं एकत्र फिरायला लावणाऱ्या कुलपांची) गरज नसते. चांगले टायर आणि पुरेशी उंची असली की भागतं. उलट दर महिन्याला दगडांत शिरणारा माणूस नुसत्या ड्राइव्ह मोडच्या गोल बटणावर भुलला, तर तो फसलाच.

गाडीखाली शिरा

जुनी चादर आणि बॅटरी (टॉर्च) घेऊन जा. विक्रेता जरा चमकेल, पण झोपू देईल. गाडी समपातळीवर उभी करून, इंजिन बंद करून आणि हँडब्रेक लावून मगच खाली शिरा. गाडी जॅकवर असेल तर अजिबात शिरू नका.

सर्वांत खालचा भाग कोणता आहे ते शोधा. कुठे तो डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा असतो, कुठे सस्पेन्शनची आडवी भुजा, कुठे सायलेन्सरची नळी. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, हा एकच आकडा असतो. दगड मात्र विशिष्ट जागी लागतो. मग इंजिनखालच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवून बघा. पोकळ टकटक आली तर ते प्लास्टिक आहे, हवा सरळ जावी म्हणून बसवलेलं. जाड पोलाद किंवा ॲल्युमिनियम असेल तर हाताला लगेच कळतं. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि इंधनाची टाकी या चारांपैकी किती झाकलेले आहेत ते मोजा. ब्रेकच्या नळ्या आणि वायरी चौकटीच्या आडोशाने गेल्या आहेत की खाली लोंबतायत, हेही बघा.

गाडी रुतल्यावर पट्टा अडकवायची जागा इथेच सापडते. बंपरवरचं झाकण काढून फिरवून बसवायचा डोळा (ओढायची कडी) बहुतेक गाड्यांत सपाट रस्त्यावर हळू ओढून नेण्यापुरता असतो. चिखलात रुतलेली गाडी झटक्याने काढायची तर थेट चॅसिसला घट्ट बसवलेले, त्याच कामासाठी दिलेले हुक हवेत, पुढे आणि मागेही. हुक कुठे आहेत आणि ते कशासाठी चालतात, हे गाडीच्या पुस्तिकेत तपासून घ्या.

साइड स्टेपकडे मुद्दाम बघा. मी एकदा एका ओळखीच्यांच्या गाडीतून साध्या उंचवट्यावरून जात होतो. गाडीचं पोट सुखरूप होतं, पण दार उघडलं की आपोआप बाहेर येणारी पायरी आधीच्या चिखलाने अर्धवट अडकून बसली होती, तीच घासली. नखाने खरवडला तर बिजागरीतला चिखल विटेसारखा कडक झालेला. शोरूममध्ये रुबाबदार दिसणारा हाच भाग ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे उंचवट्यावरून पोट न घासता जाण्याची मुभा, सर्वांत आधी खाऊन टाकतो.

कोन आणि उंची यांचे आकडे नीट वाचा

अप्रोच अँगल म्हणजे पुढचं चाक टेकण्याआधी बंपर न घासता किती तीव्र चढ घेता येतो. डिपार्चर अँगल मागच्या बाजूचा आणि ब्रेकओव्हर पोटाचा. आकडा वाचला की लगेच विचारा, हा कोणत्या उंचीवर मोजला? एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवर गाडी उचलणारी-बसवणारी रचना) असलेल्या लँड रोव्हर डिफेंडर ११० चा २९१ मिलिमीटर क्लिअरन्स आणि ३८ अंशांचा अप्रोच अँगल हे गाडी ऑफरोड उंचीवर उचलल्यानंतरचे आकडे आहेत. मर्सिडीज जी-क्लास स्टीलच्या स्प्रिंगवर २४१ मिलिमीटर देते आणि ती उंची कोणतंही बटण न दाबता मिळते.

एअर सस्पेन्शनने गाडी पूर्ण उचलली की चाकाला आणखी खाली जायला जागा फारशी उरत नाही. खड्ड्यात चाक लवकर अधांतरी होतं आणि गाडी ताठरही लागते. ठरावीक वेगाच्या वर गेलं की ती आपणहून खालीही बसते. हे दोष नव्हेत, पण चाचणीत दोन्ही उंचींवर गाडी चालवून बघितलीच पाहिजे.

पाण्याच्या खोलीचा आकडा संथ पाण्यासाठी असतो. डिफेंडरचा ९०० मिलिमीटर म्हणजे उंच माणसाच्याही मांडीच्या वर. वाहतं पाणी त्याहून कितीतरी कमी खोलीतही गाडी ढकलू शकतं. इंजिनची हवा कुठून आत जाते ती जागा बॉनेट उघडून बघून घ्या.

फ्रेम, लो रेंज आणि लॉक

लॅडर फ्रेम, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चौकट, असेल तरच खरी दणकट गाडी, असं अनेक जण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. २०१९ मध्ये आलेली नवी डिफेंडर ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकवर (बॉडी आणि चौकट एकसंध) उभी आहे, तर लेक्सस जीएक्स ५५० आणि जी-क्लास लॅडर फ्रेमवर. तिघीही वाईट वाटेवर पुढे जातात. फ्रेमवाली गाडी ओढकाम आणि वर्षानुवर्षांची आपटाआपट चांगली सोसते, मोनोकॉक हायवेवर जास्त शांत आणि नेमकी वागते. वहीतली तुमची वाट काय म्हणते त्यावर ठरवा.

लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जोरात चालवणारा जादा गिअर, मात्र मी सोडणार नाही. तीव्र उतारावर ब्रेक तापू न देता मुंगीच्या चालीने उतरायचं असेल तर ती हवीच. तिची ताकद मोजायला साधा गुणाकार पुरे: पहिल्या गिअरचं गुणोत्तर, लो रेंजचं आणि डिफरन्शियलचं. समजा ४, २.७ आणि ३.७ असतील तर गुणाकार सुमारे ४० येतो. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनला चाळीस फेरे लागतात. दोन गाड्यांची तुलना करताना हा आकडा हॉर्सपॉवरपेक्षा जास्त बोलतो.

चाचणी: घाई करू नका, दोन फेऱ्या मागा

पहिली फेरी एकट्याने नको. घरची माणसं आणि सामान घेऊन जा. रिकामी गाडी सगळ्यांचीच छान चालते.

आडवातिडवा चर सापडला तर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी हलकं पडेल अशी गाडी हळूच उभी करा. शेजारी कोणालातरी बाहेर उभं करा आणि जागेची परवानगी आधी घ्या. आता ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर दाबून ठेवा. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स फिरत्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवतं, तिच्यात चाक आधी थोडं फिरतं, खरखर होते, मग गाडी पकडते. किती वेळ लागला ते मनातल्या मनात मोजा. लॉक असेल तर तो लावून पुन्हा करा. फरक तिथेच पायाला कळतो. अशा तिरक्या अवस्थेत गाडी पार्कमध्ये टाकून, हँडब्रेक लावून एक दार उघडा आणि बंद करा. दार अडकलं, कुरकुरलं किंवा रबराची पट्टी घासली, तर बॉडी पिळवटतेय असं समजा.

उतारावर हिल डिसेंट (उतारावरचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावून ब्रेकवरून पाय काढा. वेग कमीजास्त करणं सोपं आहे का, झटके बसतात का, ते बघा. चढावर मध्येच थांबून सरळ रेषेत रिव्हर्स घ्या. चढ पार झाला नाही तर प्रत्यक्षात हेच करावं लागतं आणि बॉनेटच्या पुढे फक्त आकाश दिसत असताना पुढचा कॅमेरा किती उपयोगी पडतो तेही तिथेच समजतं.

दुसरी फेरी हायवेची. गाणी बंद. वाऱ्याचा आवाज आरशांपाशी किती आहे? वेगात लेन बदलताना गाडी एकदा झुकून सावरते की पुन्हा पुन्हा डोलते? मागे बसलेल्यांना विचारा. चालवणाऱ्याला जाणवत नाही असा हेलकावा मागच्यांच्या पोटात आधी पोहोचतो.

टायर आणि वजन

मोठ्या रिमचा मोह आवरा. २६५/७० आर १८ टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) सुमारे १८५ मिलिमीटर उंच असते, २७५/५० आर २० ची १३७ च्या आसपास. हे जवळपास पाच सेंटिमीटर दगड, खड्डा आणि कमी हवा यांच्यात तुमचा बचाव करतात. वाळूत हवा कमी करायची असते, तिथे पातळ टायरला वाकायला जागाच नसते. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, ते डिकी उघडून स्वतः बघा.

वजनाकडे जवळजवळ कुणीच बघत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भरलेल्या गाडीचं कमाल वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, एवढाच तुमचा हक्काचा भार. पाच माणसं ७५ किलोंची धरली तर ३७५. सामान १२०. छतावरचा तंबू ७०. झाले ५६५ किलो, आणि अजून पाण्याचे कॅन, फ्रीज, जादा बॅटरी काहीच धरलेलं नाही. लक्झरीचे सामानसुमान, म्हणजे काचेचं छत, जादा सीट, मोटरवाल्या पायऱ्या, यांनी हाच भार कमी होत जातो. म्हणून एकाच गाडीच्या महागड्या प्रकारात कधीकधी कमी ओझं नेता येतं. छताच्या मर्यादाही दोन असतात, चालत्या गाडीची आणि उभ्या गाडीची. डिफेंडर ११० मध्ये त्या जास्तीत जास्त १६८ आणि ३०० किलो आहेत. तंबू बांधून वाट चालताना पहिली पाळायची.

आतली बाजू

हातमोजे घालून किंवा ओल्या बोटांनी लो रेंज, लॉक आणि काच पुसायचं बटण वापरून बघा. हलत्या गाडीत पडद्यावरच्या तीन पानांत शिरून सापडणारी सोय मी सोय मानत नाही. गालिचा उचलून खाली रबर आहे का पाहा, आणि फिकट रंगाचं चामडं घेण्याआधी वही पुन्हा वाचा.

चाचणी संपली की बॅटरी घेऊन पुन्हा एकदा गाडीखाली जा. इंजिन आणि सायलेन्सर निवेपर्यंत थांबा, नाहीतर हात भाजेल. आधी नसलेले ओरखडे कुठे आले, कुठे माती दाबून बसली, कुठे थेंब लोंबतोय ते बघून वहीत टिपा. मग विक्रेत्याला त्याच जागेवर बोट ठेवून विचारा: हा भाग तुटला तर किती दिवसांत मिळेल, कितीला पडेल, आणि वॉरंटीत तो बसेल का. उत्तर लेखी घ्या.