पोळ्याचा बैल, मार्कंड्याची भिंत: गावाकडची कला टिपताना या चुका टाळा

विदर्भात एसटीनं नुसतं तालुक्याच्या गावापर्यंत गेलं, तरी डोळ्यांना किती खाद्य मिळतं! मातीनं पोतारलेल्या म्हणजे सारवलेल्या भिंतीवरची चुन्याची नक्षी, बुरडाच्या दारातल्या बांबूच्या ढोल्या, झाडीपट्टी नाटकांचे बोर्ड, नदीकाठची देवळं. हातातले मोबाईलही आता चांगले आहेत. तरीही घरी येऊन फोटो पाहिले की नक्षी सपाट आणि रंग भलतेच. अशा वेळी दोष बहुधा घाईचा असतो.

कोरीवकाम सपाट येतं

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मार्कंडा आहे. वैनगंगा तिथं उत्तरवाहिनी होते आणि काठावरच्या देवळाच्या बाहेरच्या भिंती मूर्तींनी गच्च भरल्या आहेत. लोक समोर उभे राहतात आणि फ्लॅश मारतात. इथंच चुकतं. दगडातला उठाव डोळ्यांना दिसतो तो सावलीमुळे, आणि समोरून पडलेला उजेड नेमकी सावलीच पुसून टाकतो. फ्लॅश बंद ठेवा, उजेड बाजूनं येईल अशी वेळ साधा.

वेळ भिंतीच्या दिशेवर ठरते. हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर सकाळी आणि उन्हं कलल्यावर तिरका प्रकाश पडतो. बोटांची पेरं, दागिन्यांचे मणी सुटे सुटे दिसतात. पूर्वेची भिंत उगवतीला समोरूनच उजळते, म्हणून तिथं ऊन थोडं चढू द्या. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतच नाही. ती बाजू हवी असेल तर मे-जूनमध्ये भल्या सकाळी जा. विदर्भाचा उन्हाळा सोसायची तयारी मात्र हवी.

देऊळ मागे कलल्यासारखं येत असेल, तर तुम्ही फार जवळ उभे आहात आणि मोबाईल वर कलवला आहे. मागे सरका, कॅमेऱ्यातल्या ग्रिडच्या रेषा चालू करा आणि मोबाईल सरळ धरा. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, ती आधीच काढा. मूर्ती उठून दिसावी म्हणून तिच्यावर पाणी, तेल किंवा खडू लावू नका. शेकडो वर्षं टिकलेल्या दगडावर एका फोटोसाठी असा हात टाकलेला मला सहन होत नाही.

सेवाग्रामला बापू कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीत उठवलेली झाडं आहेत. त्यांचा उठाव अगदी कमी, त्यामुळे फ्लॅशमध्ये ती दिसेनाशी होतात. फोटोला परवानगी आहे का ते विचारून घ्या आणि खिडकी-दारातून येईल तेवढ्याच उजेडावर काम भागवा.

पोळ्याचा बैल नुसता पांढरा दिसतो

पांढऱ्या बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. एवढी हौस केलेली असते, आणि फोटोत येतो एक पांढरा ढग. मोबाईल सावळ्या गर्दीचा अंदाज घेऊन उजेड वाढवतो आणि बैलाचं अंग जळून जातं. स्क्रीनवर बैलाच्या पाठीवर बोट ठेवा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. गर्दी थोडी काळी पडेल, पण गेरूचा प्रत्येक ठसा परत येईल.

तोरण तुटलं की धावपळ होते, म्हणून फोटो त्याआधी, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी चालू असतानाच काढून घ्या. बैलाच्या मागे जाऊ नका. धन्याला विचारलंत तर तो स्वतःच बैल वळवून उभा करतो. पोतारणाऱ्या मावशींनाही आधी विचारावं. "थांब ना बाप्पा, हा कोपरा पोताराचा राह्यला," असं उत्तर आलं, तर थांबा. ओल्या भिंतीवर फिरणारा त्यांचा हात वाळलेल्या नक्षीपेक्षा जास्त सांगतो.

ढोली की टोपली?

बांबूच्या वस्तूंना पोर्ट्रेट मोड लावू नका. कडेच्या बारीक कामट्या मागच्या धुरकटपणात विरून जातात. झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा. आणि एक तरी फोटो असा घ्या, ज्यात शेजारी सूप किंवा माणूस आहे. नाहीतर धान्याची पुरुषभर ढोली आणि भाकरीची टोपली फोटोत सारखीच दिसते.

पेंटरचं नाव कापू नका

हातानं रंगवलेल्या बोर्डावर पेंटर खालच्या कोपऱ्यात सही करतो आणि फोटो नीटनेटका करताना नेमका तोच कोपरा कापला जातो. तो राहू द्या. हा प्रश्न कायद्याचाही आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात इमारतीचा, तसंच सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो छापायला मुभा आहे. भिंतीवरच्या चित्राला ती सवलत तशी दिलेली नाही. आठवण म्हणून ठेवणं वेगळं. पण ते चित्र टी-शर्टवर किंवा कॅलेंडरवर छापून विकायचं असेल, तर चित्रकाराची परवानगी घ्या.

फोटो धन्याला किंवा मावशींना पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो दाबून लहान होतो, आणि त्यांना मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावायचा असेल तर तो फाटल्यासारखा येतो.