जिनिंगवर निघण्याआधी

दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की जिनिंगवरून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, हा फोन ठरलेला: "भाऊ, सर्व्हर अटकला." सर्व्हर म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या फायली ठेवणारा कॉम्प्युटर. तो दुरुस्त करायला जाणाऱ्याने लगेच चप्पल घालायची नाही. यवतमाळहून आडरस्त्यावरच्या जिनिंगला पोचायला अर्धा दिवस जातो आणि एक कनेक्टर विसरला म्हणून परत फिरता येत नाही. निम्मी तयारी फोनवरच करायची.

आधी विचारायचं, एकाच कॉम्प्युटरचं अटकलं की वजनकाट्यावरचं, दिवाणजींचं, गाठी बांधणाऱ्या प्रेसवरचं, सगळ्यांचंच? एकाचंच असेल तर सर्व्हरला हात लावायचा नाही, भानगड त्याच्या केबलची. सगळ्यांचं असेल तर रात्री लाईन गेली होती का आणि स्विचचे (सगळ्यांच्या केबली जोडणारी पेटी) दिवे लुकलुकतात का, हे विचारून घ्यायचं. तिसरी गोष्ट मात्र दरडावून सांगायची: बटण दाबून बंद करू नका. दिवाणजी नेमकं तेच करतात आणि कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, मेसेज आपण पोचायच्या आत पुसले जातात. तोवर काट्यावर कार्बनचं पावतीबुक चालू द्या, बैलबंड्या आणि ट्रॅक्टर रांगेत थांबायला नकोत.

पिशवीत क्रिम्पिंग टूल, मूठभर कनेक्टर, केबल टेस्टर, 2-3 तयार पॅचकॉर्ड, अॅडॉप्टरसकट 8 पोर्टचा स्विच, लाईव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह (थेट त्याच्यावरूनच कॉम्प्युटर चालू होतो) आणि त्यांच्या डिस्कपेक्षा मोठी कोरी डिस्क. स्मार्टमॉनटूल्स (डिस्कची तब्येत बघायला), सिसस्टॅट (डिस्कवरचा ताण बघायला) आणि डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची कॉपी काढायला) पेनड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवायचे, तिथं रेंज मिळेलच असं नाही. आणि ब्लोअर. तो का, ते सर्व्हरची पेटी उघडली की कळतं: पंख्याच्या जाळीवर रुईचा पांढरा थर, नखाने ओढला तर वातीसारखा निघतो.

पोचल्यावर अटकलेल्या कॉम्प्युटरवर सवयीने साधं डीएफ (डिस्कवर जागा किती ते दाखवणारी कमांड) मारू नका. ते प्रत्येक माउंटला (जोडलेल्या डिस्कला किंवा फोल्डरला) विचारत जातं आणि एनएफएसच्या, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या सर्व्हरच्या फोल्डरच्या, माउंटपाशी स्वतःच अडकून बसतं. पुढे एल (-l) जोडला की फक्त इथल्या डिस्का दाखवतं. मग पीएस कमांडमध्ये डी अवस्थेतले, म्हणजे डिस्कची किंवा सर्व्हरची वाट बघत अडकलेले, प्रोसेस बघायचे. त्यांना किल मारून काही साधत नाही, कारण बिघाड त्यांच्यात नाही, ते ज्याची वाट बघतायत तिथं आहे. डीएमसेगमध्ये (कर्नलच्या मेसेजांची यादी) 'सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग' आणि थोड्या वेळाने 'ओके' अशी जोडी पुन्हापुन्हा दिसली तर सर्व्हर मेलेला नाही, वाट (नेटवर्क) खराब आहे किंवा तो दमलाय.

वाट खराब असेल तर माझा पहिला संशय काट्याच्या केबलवर. काटा फाटकाशी, ऑफिस पार आत, आणि इथरनेटची तांब्याची केबल 100 मीटरपर्यंतच धरायची. त्यात कुणी ती प्रेसच्या मोटारीच्या वायरीला बांधून नेलेली असते. आयपी लिंक कमांडची आकडेवारी (नेटवर्क कार्डावर किती एरर आले ती) दोनदा बघा; मधल्या काळात प्रेस चालली आणि एरर वाढले, तर आणखी शोधायची गरज नाही. छोट्या फायली उघडतात पण मोठी खतावणी लटकते, असं असेल तर तुकडे न होऊ देता 1472 बाइटचा पिंग (उत्तर येतं का बघणारा चाचणीचा निरोप) मारा. 28 बाइट हेडरचे धरून तो 1500 होतो. तो जात नसेल आणि छोटा जात असेल तर कुठेतरी एमटीयू (एका पाकिटाचं कमाल माप) जुळत नाही.

दिवाणजींचं विंडोज सर्व्हरवर साम्बावरून (विंडोजला फोल्डर देणारा प्रोग्राम) येतं, काट्याचं लिनक्स एनएफएसवरून. दारं दोन, पण आतली डिस्क एकच. दोन्ही एकदम अटकली, पिंग मात्र नीट, तर नेटवर्क सोडा आणि आयओस्टॅट (सिसस्टॅटमधली कमांड) लावा. खराब सेक्टर वाचायला डिस्क पुन्हापुन्हा झटत राहते आणि तेवढ्यात एनएफएसचे थ्रेड (मागण्या हाताळणारे कामकरी, जुन्या सर्व्हरवर बहुधा 8च) एकेक करून तिथेच खोळंबतात. बाहेरून ते नेटवर्क बिघडल्यासारखंच दिसतं. मी एकदा यात दुपारभर केबली बदलत बसलो होतो. स्मार्टमॉनटूल्सच्या स्मार्टसीटीएलमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचता न आलेले सेक्टर) शून्य नसेल तर सगळ्यांना सर्व्हरवरून बाहेर काढून आधी कोऱ्या डिस्कवर कॉपी, बाकी नंतर.

मालक म्हणतील, "अटकण्यापेक्षा एरर येऊ द्या." म्हणजे त्यांना हार्डऐवजी सॉफ्ट माउंट हवं असतं. काट्याच्या फोल्डरला ते करू नका. सॉफ्ट ठराविक प्रयत्नांनंतर हात वर करतं आणि अर्धी लिहिलेली पावती तशीच राहते. हार्ड सर्व्हर परत येईपर्यंत थांबतं आणि जिथं राहिलं तिथून पुढं लिहितं. टाइमओ (उत्तराची किती वाट बघायची ते ठरवणारी माउंटची सेटिंग) बघताना त्याचं एकक सेकंदाचा दहावा भाग आहे हे ध्यानात ठेवा. 600 म्हणजे 60 सेकंद. मिनिटभर समजून 60 लिहिणारे बरेच भेटतात.

निघताना काय बदललं ते तारखेसह सर्व्हरच्या पेटीवर चिकटवायचं. मुक्कामी गाडी गावात किती वाजता येते हे मात्र सकाळीच विचारून ठेवा. कॉपी संपायला रात्र झाली तर झोपायची सोय काटाघरातच होते, पांघरूण घेऊन जा.