श्रावणभर अद्भुतकथा करायच्या असतील तर आषाढातच हे उरकून ठेवा

मागच्या श्रावणात मी ठरवलं होतं की महिनाभर फक्त अद्भुतकथा करायच्या. वाचायच्या, बघायच्या आणि रोज एक पान लिहायचं. वाचन झालं, बघणं झालं, पण लिहिणं विसाव्या दिवशी बंद पडलं आणि पोळ्याच्या दिवशी वहीची शेवटची पानं कोरीच होती. या वर्षी पुन्हा बसणार आहे. नागपुरात आणखी कोणी बसणार असेल तर त्यांच्यासाठी ही तयारी लिहून ठेवते. बाहेरगावी असाल तर पाऊस आणि सणवार आपापले बघून घ्या.

महिना श्रावणच धरा. आपल्याकडे कहाण्या वाचायचा महिना तोच आहे, आणि नागपूरकरांना शेवटही आयता मिळतो: अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे इडापीडा घालवायला काढतात ती पुतळ्यांची मिरवणूक. पंचांग काढून दिवस मोजा, एकोणतीस पडतात की तीस. त्यातून राखी, जन्माष्टमी, पोळा आणि पाहुण्यांचे एकदोन रविवार वजा करा. हातात पंचवीस दिवस उरले तर खूप झालं. तीसच्या तीस दिवस लिहीन असं म्हणू नका. नाही होत.

वही, पेन याबद्दल काय सांगायचं. जेल पेन तेवढं नको, श्रावणातल्या दमट हवेत कागद मऊ पडतो आणि शाई फुटते. लाइन जाते, तर इन्व्हर्टर किंवा चार्जिंगचा दिवा. बास.

आता जे मी विसरले होते ते. नियमांचं पान. लिहायला बसायच्या आधी, म्हणजे प्रतिपदेच्या आधी, तुमच्या गोष्टीतल्या जादूचे नियम एका पानावर लिहून काढा. डोक्यात आहेत म्हणून सोडून देऊ नका. माझ्याही डोक्यात होते.

माझी गोष्ट नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्यातल्या विहिरीची होती. हरवलेल्या वस्तूचं नाव घेऊन पोहरा सोडला की ती वस्तू वर येते, एवढ्या भांडवलावर मी सुरू केलं. पहिल्या दिवशी चांदीचं जोडवं वर आलं. पाचव्या दिवशी जळालेलं पत्र आलं, कोरडं, घड्या जशाच्या तशा. बाराव्या दिवशी मेलेली गाय वर आली, आणि ते पान लिहून झाल्यावर मला इतका आनंद झाला होता की झोप लागली नाही. रोज रात्री जेवणं झाली की अकरा वर्षांच्या भाचीला पान वाचून दाखवायची. एकोणिसाव्या रात्री ती पालथी पडून ऐकत होती, ती उठून बसली. म्हणाली, ‘‘मावशी, मग तिनं आजीलाच काऊन नाही बोलावलं?’’

गोष्टीतली मुलगी पहिल्या पानापासून मेलेल्या आजीसाठी झुरत होती. भाचीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घाईघाईत एक वाक्य घातलं, विहीर जीव परत देत नाही. भाची म्हणाली, ‘‘पण गाय तर आली ना.’’ तिथे गोष्ट मेली. एकोणीस पानं मागे जाऊन नियम घालायचा तर निम्मी पानं फाडावी लागली असती, आणि श्रावणाच्या मध्यावर तेवढी उमेद कोणाकडे नसते. म्हणून सांगते, नियमांचं पान आधी.

त्या पानावर चारच प्रश्नांची उत्तरं हवीत. जादू काय करते. काय करू शकत नाही. वापरणाऱ्याचं काय जातं. आणि ती कोणावर चालत नाही. पहिल्याचं उत्तर सगळ्यांना येतं, गोष्ट सुचते तीच तिथून. दुसरं आणि तिसरं आपण ‘पुढे बघू’ म्हणतो. पुढे काही दिसत नाही, मी बघून आले आहे.

वाचायची पुस्तकं आषाढातच आणून ठेवा. वाचनालयाचं पुस्तक महिनाभर ठेवता येतं की मध्ये बदलावं लागतं ते विचारून घ्या, आणि सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत शोधायचं असेल तर पाऊस उघडलेला दिवस बघा. ढीग आणू नका. कथासरित्सागर तर पूर्ण आणूच नका. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात रचलेला हा ग्रंथ अठरा लंबकांचा, म्हणजे मोठ्या भागांचा, आणि एकशे चोवीस तरंगांचा, म्हणजे प्रकरणांचा आहे, महिन्यात तो संपत नाही आणि मागच्या वर्षी माझे आठ दिवस त्यातच गेले. त्यातल्या वेताळाच्या गोष्टी तेवढ्या घ्या. रोज एक, पंचवीस दिवसांचा हिशेब चोख बसतो.

आणि त्या वाचताना नियमावर डोळा ठेवा. लहानपणी ‘चांदोबा’त आपण वेताळ वाचला तो चित्रांसाठी, राजाच्या खांद्यावरचं ते लोंबणारं प्रेत बघायला. आता यंत्र बघा. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. उत्तर येत असून राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं. एवढ्या दोन अटींवर सगळी माळ ओवली आहे. सोमदेवाकडे चोविसाव्या प्रश्नाला राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही, त्यामुळे तो गप्प राहतो, त्यामुळे त्याचं डोकंही फुटत नाही आणि वेताळही उडून जात नाही. ज्या अटींनी गोष्ट लांबवली त्यांनीच ती मिटवली. हे मला मागच्या वर्षी वाचूनही दिसलं नव्हतं, कारण माझ्याकडे नियमांचं पान नव्हतं आणि आपल्याकडे काय नाही तेच मला माहीत नव्हतं. तो राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा.

श्रावणातल्या कहाण्यांचं पातळ पुस्तक घरात असेलच, आईच्या किंवा सासूबाईंच्या देवघरात बघा. त्यांना भाबड्या समजून सोडू नका. ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ हे नियमांचं पानच आहे, एका ओळीत. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाच्या हुकमानं गावातलं सगळं दूध गाभाऱ्यात ओततात, गाभारा भरत नाही. म्हातारी घरातल्या पोरांना आणि वासरांना पोटभर पाजून उरलेलं खुलभर दूध ओतते, गाभारा भरतो. जादू कशाला भुलत नाही आणि कशाला भुलते, दोन्ही सांगून झालं. मला हे लिहायला एकोणीस पानं पुरली नव्हती.

जमलं तर श्रावण लागायच्या आधी रामटेकला जाऊन या. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी आग्रहानं मांडलं. आषाढात गडावर उभं राहिलं की ढग खरोखर अंगावर येतात. तिथे बसून यक्षाचा शाप आठवा: कुबेरानं त्याला नुसतं हद्दपार केलं नाही, वर्षभरासाठी त्याची सिद्धीच काढून घेतली. ती असती तर एका रात्रीत उडून आपल्या नगरीला, अलकेला गेला असता आणि ढगाशी बोलायची वेळ आली नसती. आठ महिने सरलेत, चार उरलेत, हेसुद्धा मोजून दिलेलं. पायऱ्या उतरताना स्वतःला विचारा की आपल्या गोष्टीतल्या माणसाला काय करता येत नाही. उत्तर आलं की गाडीत बसल्या बसल्या नियमांच्या पानावर लिहा.

बघायच्या गोष्टी मोजक्या. आठवड्याला एक, रविवारी. आठ-आठ भागांच्या परदेशी मालिका या महिन्यात लावायच्याच नाहीत. एक भाग बघून कोणी उठत नाही, आणि मग सकाळी लिहायला बसलं की त्यांचेच ड्रॅगन आपल्या विहिरीतून वर येतात. नागपंचमीच्या आठवड्यात फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ बघा. मूकपट आहे. त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे, सुरुवातीला ती नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव करून दाखवते आणि बघता बघता कृष्ण होते. पाण्याखालची झुंज शंभरेक वर्षांपूर्वी कशी साधली असेल या विचारातच माझी एक दुपार गेली. मग 1957 चा ‘मायाबाजार’. त्यात सत्यपीठ आहे, त्यावर जो उभा राहील त्याच्या तोंडून खरंच निघतं, आणि त्यावर शकुनी चढतो. एक वस्तू, एक नियम, नेमका नको तो माणूस. तिसऱ्या रविवारी 2018 चा ‘तुंबाड’. पिठाची बाहुली, पिठाचं रिंगण, हस्तर नावाच्या शापित देवाची भूक, नियम इतके घट्ट की शेवट त्यांच्यातूनच फुटतो. हा पोरांसोबत बघायचा नाही, मोठ्यांसाठीचाच आहे. प्रत्येक वेळी बघून झाल्यावर आणि झोपायच्या आधी तीन ओळी लिहा: जादू कोणती, तिला काय अडवतं, किंमत कोणी मोजली. दुसऱ्या दिवशी लिहीन म्हणाल तर नुसती चित्रं लक्षात राहतात.

ऐकणारं माणूस आधीच ठरवा. हे मी मागच्या वर्षी नकळत बरोबर केलं होतं. कौतुक करणारी मैत्रीण नको, मध्येच उठून बसणारं पोर हवं. घरात नसेल तर शेजारचं मागून आणा. गुणाढ्याची गोष्ट माहीत असेल. पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत त्यानं रक्तानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, सातवाहन राजानं ती झिडकारली, तेव्हा तो रानात अग्नी पेटवून एकेक पान वाचायचा आणि जाळायचा. हरणं-डुकरं चरणं सोडून भोवती डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. जनावरं वाळली म्हणून राजाच्या ताटातलं मांस सुकं लागायला लागलं, तेव्हा राजा शोधत आला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख वाचले. ती गोष्ट मला दोन कारणांसाठी आठवते. ऐकणारं असेल तर गोष्ट तगते, हे एक. आणि रोजच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, हे दुसरं.

ऐकणाऱ्याला गोष्टीचं पहिलं पान वाचून दाखवायच्या आधी नियमांचं पान वाचून दाखवा. हो, गोष्टीच्या आधी. गंमत जाईल असं वाटतं, जात नाही. पोरं पाच मिनिटांत भोक शोधतात, आणि ते भोक आषाढात सापडलं तर एक ओळ खोडावी लागते, श्रावणात सापडलं तर वही.

लिहायची वेळ सकाळची, नळ यायच्या आधीची. एक पान, जास्त नाही. उत्साहाच्या दिवशी चार पानं लिहू नका. बाराव्या दिवशी गाय काढली तेव्हा मी नियमांकडे बघितलंच नाही, कारण हात थांबत नव्हता. नवी जादू सुचली की पेन खाली ठेवा, नियमांचं पान काढा, तिथे बसते का बघा. बसत नसेल तर सोडा, कितीही सुंदर असू दे.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी कंटाळा येतो. येऊ द्या. त्या दिवसासाठी वजा केलेला दिवस वापरा, वाचन चालू ठेवा.

शेवटचा आठवडा: नवीन पात्र नाही, नवीन जागा नाही. पोळ्याच्या आदल्या रात्री शेवट लिहून झालेला हवा, पोळ्याला घरात बैल, पुरणपोळी, पाहुणे, काही होत नाही. शेवटचं वाचन तान्हा पोळ्याला सकाळी. मग काळी आणि पिवळी मारबत बघायला जुन्या शहरात जा, ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी कानात पडली की महिना संपला. गर्दी फार असते, वही सोबत नेऊ नका.

माझं या वर्षीचं नियमांचं पान तयार आहे. विहीर तीच. हाक मारलेली वस्तू वर येते, पण त्या वस्तूची आठवण हाक मारणाऱ्याच्या मनातून खाली जाते. जोडवं येईल, कोणाचं होतं ते आठवणार नाही. आजीही येईल, मुलगी तिला ओळखणार नाही. काल रात्री भाचीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘‘आणि आजीला तर ती आठवंल ना?’’

ते अजून लिहायचं आहे. आषाढाचे नऊ दिवस उरलेत.